बंध तुटल्याने ऊर्जा मिळत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत पेशीची ओळख करून देणारा लेख वाचला. त्याची भाषा सुबोध आहे, आणि पेशीपटल व केंद्रक यांविषयीच्या भागाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र एटीपी, म्हणजे पेशीतील कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू, याबद्दलचे ‘एटीपीच्या रेणूतील फॉस्फेटचा बंध तुटला की त्यात साठवलेली ऊर्जा बाहेर पडते’ हे त्यातील विधान चुकीचे आहे. हा दोष एकट्या लेखकाचा नाही. मी स्वतः रसायनशास्त्र शिकवत असूनही एटीपीचा विषय निघाला की हेच वाक्य सांगत असे; अखेर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘बंध तोडायला ऊर्जा लागते असे आपण कालच शिकलो, मग आज तो तुटल्यावर ऊर्जा मिळते कशी?’ त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते.

कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा खर्चच करावी लागते. एक मोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) हायड्रोजन रेणूंतील बंध तोडण्यासाठी सुमारे 436 किलोज्यूल लागतात, आणि एटीपीतील बंधही या नियमाला अपवाद नाही. ऊर्जा मिळते ती जुने बंध तुटून नवे, अधिक स्थिर बंध जुळतात तेव्हा. एटीपीच्या तीन फॉस्फेट गटांवर पेशीतील परिस्थितीत मिळून जवळपास चार ऋण प्रभार दाटीवाटीने बसलेले असतात व ते एकमेकांना दूर लोटत असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेला रेणू) आणि सुटा फॉस्फेट तयार झाले की हे प्रभार विलग होतात, पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती अधिक चांगल्या रीतीने जमतात, आणि एकूण हिशेबात प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे 30.5 किलोज्यूल मुक्त ऊर्जा, म्हणजे काम करून घेता येण्याजोगी ऊर्जा, उपलब्ध होते.

प्रत्यक्ष पेशीत हा आकडा बराच मोठा, 50 किलोज्यूलच्या आसपास असतो, आणि लेखात नसलेली खरी महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. बंध तोच असताना ऊर्जा वाढते, कारण पेशी एटीपीचे प्रमाण एडीपी व फॉस्फेटच्या तुलनेत समतोलापासून (अभिक्रिया दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालते त्या स्थितीपासून) अतिशय दूर, फार वरच्या पातळीवर राखते. तिन्ही द्रव्ये समतोलाला पोहोचली, तर एटीपीचे रेणू आणि त्यांतील बंध शाबूत असूनही त्यांच्याकडून कणभरही काम करून घेता येणार नाही. शिवाय एटीपीचे नुसते जलविघटन, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन विघटन, झाले तर हाती केवळ उष्णता लागते. म्हणून विकरे (पेशीतील अभिक्रिया घडवून आणणारी प्रथिने) बहुधा फॉस्फेट गट थेट दुसऱ्या रेणूवर, उदाहरणार्थ ग्लुकोजवर, नेऊन ठेवतात. जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी 1941 मध्ये अशा बंधांसाठी नागमोडी रेघेचे चिन्ह रूढ केले, तेव्हा त्यांचा रोख गट दुसरीकडे सोपवण्याच्या या क्षमतेवर होता. पुढे चिन्ह राहिले आणि रोख हरवला.

ग्लुकोजबाबतही लेखात हीच गल्लत आहे. श्वसनात मिळणारी ऊर्जा ग्लुकोजच्या बंधांत कोंडलेली नसते. ऑक्सिजनच्या रेणूतील दुहेरी बंध त्या मानाने दुबळा आहे, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांतील बंध भक्कम आहेत. या फरकातून ती येते. मग श्वासातल्या ऑक्सिजनला केवळ मदतनीस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पेशीतील तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रियाला) ‘ऊर्जाघर’ म्हणण्यास हरकत नाही, पण तिथे काय घडते याची एखादी ओळ तरी हवी होती. जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडले की अन्नाच्या ऑक्सिडीकरणातील ऊर्जा आधी प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलण्यात खर्च होते, आणि परतणाऱ्या प्रोटॉनांच्या ओघावर एटीपी तयार होते. अनेक वर्षे तज्ज्ञांनी ते मानले नाही. 1978 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा ओघ एटीपी तयार करणाऱ्या विकराचा एक भाग अक्षरशः गरगर फिरवतो, हे तर कोणत्याही मुलाला खिळवून ठेवेल.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी ही विनंती. वाक्य एवढेच पुरेल: ‘एटीपी पाण्याशी अभिक्रिया करून अधिक स्थिर पदार्थांत बदलते, आणि पेशी त्याचा साठा समतोलापासून दूर राखत असल्यामुळे या बदलातून काम करून घेता येते.’

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक