कोणती कॅनरी घ्यावी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कॅनरी पाखरांचे तिन्ही फोटो आईने आणि मी पाहिले. एक तुरेवाली, एक लाल, एक कुरळ्या पिसांची. आईला लाल आवडली. मला मात्र तिघींपैकी एकही तुझ्या खोलीत नको वाटते. फोनवर तू "बरं बाबा" म्हणून ठेवून देशील, म्हणून सगळं लिहूनच काढतो.

कॅनरी निवडलीस हे चांगलं केलंस. आपल्या खेड्यांत अजूनही लोक पोपट, मुनिया पिंजऱ्यात घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि शाळेतल्या बाईंच्या घरी पोरांना तसलं दिसूच नये. कॅनरी मात्र कित्येक शतकं माणसाच्या घरातच वाढत आली आहे. मूळ पक्षी अटलांटिक महासागरातल्या कॅनरी, मदेरा आणि अझोर्स बेटांवरचा, हिरवट-पिवळा, अंगावर रेघा असलेला. त्या बेटांवर समुद्राचा वारा असतो, आणि तुझ्या खोलीवर टिन आहे.

म्हणून जात निवडताना मी रूप नंतर बघेन, आधी मे महिना बघेन. तुझी तुरेवाली ती ग्लॉस्टर. दिसते गोड, पण पिसं दाट. ग्लॉस्टर आणि नॉर्विच या दाट पिसांच्या जातींत पीस कातडीबाहेर न येता आतच वळतं आणि त्याची गाठ होते. जनावरांच्या दवाखान्यात माझी सगळी नोकरी गेली, तरी एवढ्याशा पाखराची गाठ काढायला मी धजावणार नाही. शिवाय पुढे कधी जोडी लावाविशी वाटलीच, तर दोन तुरेवाले एकत्र चालत नाहीत. दोघांकडूनही तुऱ्याचा गुण आलेलं पिल्लू जगत नाही.

लाल कॅनरी दक्षिण अमेरिकेतल्या लाल सिस्किन पक्ष्याशी संकर करून काढलेली आहे. नुसत्या दाण्यावर तिचा लाल रंग टिकत नाही. पिसं झडून नवी येतात त्या काळात रंगाचं खास खाद्य द्यावं लागतं, नाहीतर फिकी नारिंगी होते. तालुक्याला ते खाद्य तू कुठे शोधणार? कुरळ्या पिसांची तर जाणत्या माणसानेच पाळावी.

मी सांगतो ती फाइफ, नाहीतर बॉर्डर. बॉर्डर साधारण साडेपाच इंचांची, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची. फाइफ हे तिचंच लहान रूप, सव्वाचार-साडेचार इंचांचं. दोन्ही चपळ, काटक, अंगावर पिसांचा फाफटपसारा नाही. शुद्ध जात मिळाली नाही तर साधी पिवळी घे, त्यात काही कमीपणा नाही. गाण्यासाठीच हवी असेल तर जर्मनीतली रोलर ऐकून बघ. ती चोच जवळजवळ मिटून, हळू आवाजात गाते. स्पेनची टिंब्राडो खणखणीत गाते, एका खोलीत ती जास्त होईल.

पण जातीपेक्षा महत्त्वाचं हे, की एकच घे आणि नर घे. मादी सहसा गात नाही, आणि दोन नर एका पिंजऱ्यात भांडतात. एकटा नर खुशाल राहतो, तू दिवसभर शाळेत असलीस तरी झुरत नाही. हातात घेऊन कुरवाळायचं मात्र हे पाखरू नव्हे, हे आधीच मनाशी धर. दुकानात उभी राहा आणि तो गाताना ऐकल्याशिवाय पैसे देऊ नको. शेपटी श्वासागणिक खालीवर होत असेल, श्वासात टिकटिक येत असेल, तर तो पक्षी सोड. पिंजरा उंच नको, लांब हवा, निदान दोन फूट.

धुराचं तर फारच सांभाळ. वणीच्या कोळशाच्या खाणी तुझ्याजवळच आहेत. ब्रिटनमध्ये विषारी वायू कळावा म्हणून १९८६ पर्यंत कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत असत, कारण माणसाआधी ती कोसळते. तेव्हा घरमालकिणीची चूल, मच्छरांची कॉइल, तापलेला नॉनस्टिक तवा यांपासून तिला दूर ठेव. शेजारच्या वावरात पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की खिडकी लाव. पिंजऱ्याला बारीक जाळी हवीच, डासांमुळे कॅनरीला देवीसारखा रोग होतो. कूलरचा झोत अंगावर नको.

खायला कॅनरी सीड नागपूरहून आणावं लागेल. राळा, थोडं कारळ, चिमूटभर जवस इकडे मिळतं. उकडलेलं अंडं अधूनमधून, आणि समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, पिंजऱ्यात कायम अडकवलेला.

आता कधी घ्यायची ते. दसरा-दिवाळीच्या सुमारास घे. तोवर पिसं झडून झालेली असतात, नर पुन्हा गायला लागतात, आणि उन्हाळ्याआधी त्याला खोलीची सवय होते. मे लागला की शाळा जूनअखेरपर्यंत बंदच, तेव्हा त्याला इकडे घेऊन ये. आपल्या मधल्या खोलीला मातीच्या भिंती आणि वर कवेलू आहेत. ४५ च्या पाऱ्यातही ती तुझ्या टिनापेक्षा कितीतरी गार असते. निघशील तेव्हा पहाटेची पहिली एसटी धर, दुपारची अजिबात नको.

दसऱ्यानंतरचा रविवार कळव, मीही नागपूरला येतो. पिंजरा मात्र त्याआधी घेऊन ठेव.

तुझे
बाबा