शीरीनचं काळं पडलेलं पाणी

पुणे

प्रिय मंदा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, रागावू नकोस. गेले पंधरा दिवस रात्री जेवणं आटोपली की मी एकाच चित्रापुढे बसते आहे. ओळखीच्या एका ग्रंथालयातून इराणी चित्रांचा एक मोठा ग्रंथ घरी आणलाय. त्यातलं एक पान काही केल्या उलटवत नाही.

पान निजामीच्या ‘खम्सा’चं आहे. बाराव्या शतकातल्या गंजा गावच्या या फारसी कवीची पाच काव्यं इराणच्या शाह तहमास्पने तबरीझला आपल्या चित्रशाळेत 1539 ते 1543 या काळात लिहवून, रंगवून घेतली. आज ते हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हे चित्र सुलतान मुहम्मदचं मानतात. तहमास्प स्वतः त्याच्याकडे चित्रकला शिकला होता.

गोष्ट सांगते. शापूर नावाचा चित्रकार इराणचा राजपुत्र खुस्रो याची तसबीर काढून आर्मेनियाची राजकन्या शीरीन हिच्या वाटेवरच्या झाडाला टांगतो. सख्या घाबरून ती फाडून टाकतात. तो पुन्हा काढतो, पुन्हा टांगतो. कागदावरच्या माणसावर जीव जडतो आणि ही पोरगी शबदीज घोड्यावर बसून एकटी त्याच्या शोधात निघते. तिकडे बापाची मर्जी गेल्यामुळे खुस्रोही राजवेष टाकून घरातून निसटलेला. दोघं वाटेत समोरासमोर येतात, आणि दोघांनाही कळत नाही की आपण शोधतोय ते हेच!

चित्रात नेमका तोच क्षण आहे. शीरीन ओढ्यात न्हातेय. वर खडकांआडून घोड्यावर बसलेला खुस्रो बघतोय आणि त्याचं बोट ओठाशी गेलंय. मंदा, आपण ‘तोंडात बोट घातलं’ म्हणतो ना, तेच! फारसीतही आश्चर्याचं बोट आहे आणि त्यांच्या चित्रांत ते जागोजागी दिसतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझंही बोट नकळत तिथेच गेलं होतं.

पण मला अडकवलंय त्या ओढ्याने. पाणी काळपट आहे. आधी वाटलं, चित्रकाराला रात्र दाखवायची असेल. मग उमगलं, ती चांदी आहे. पाण्यासाठी हे लोक चांदीची पूड डिंकात खलून लावत. देवघरातलं तबक काळवंडतं तशी ती शतकांत काळवंडली. तबक आपण रांगोळीने लख्ख करतो, या पाण्याला मात्र कुणी हात लावू शकत नाही. शेजारचं सोनं अजून तसंच झळकतंय, म्हणून तर जास्त जीव तुटतो. हे पुस्तक भिंतीवर लावायचं नव्हतं गं, ते मांडीवर घेऊन वाचायचं. दिव्यापाशी पान जरा कलतं केलं की तो ओढा चमचमत असणार, आणि त्यात शीरीन. मी रोज डोळे मिटून तेवढं पाणी उजळून बघते.

अक्षराबद्दल तर तुला सांगायलाच हवं. आपण मोडीच्या वर्गात बोरू तासताना बोटं कापून घेतली होती, आठवतं? हे हस्तलिखित लिहिणारा लेखनिक शाह महमूद निशापुरी, हत्यार तेच, बोरूच. नस्तलीक, म्हणजे फारसी लिहिण्याचं एक वळण. शब्द उजवीकडून उतरत येतो, जणू वरून सोडलेली झुलती दोरी, आणि अक्षराची उंची-लांबी बोरूच्या टोकाने उमटलेल्या ठिपक्यांनी मोजायची. कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत घोटायचा, आपल्या घोटीव कागदासारखाच. पुठ्ठ्यावर ताणून बसवलेल्या दोऱ्यांवर कागद दाबला की शाईशिवाय ओळी उमटतात. आधी लेखनिक लिहून जाई, चित्राची जागा कोरी सोडून. चित्रकार नंतर येई. समासांत सोन्याच्या रेषांनी प्राणी आणि झाडं काढली आहेत. भिंगाखाली धरलं तेव्हा कुठे त्यांची पानं नीट दिसली.

तहमास्पचं मन पुढे चित्रांवरून उडालं. या हस्तलिखिताशी ज्याचं नाव जोडलं जातं तो चित्रकार मीर सय्यद अली हुमायूनकडे काबूलला आला आणि तिथून दिल्लीला. मुघल चित्रशाळेचा पाया घालणाऱ्यांत तो होता. शंभरावर वर्षांनी मुहम्मद जमान नावाच्या चित्रकाराने याच पुस्तकात स्वतःची तीन चित्रं घातली, युरोपी धाटणीची, सावल्यांची. ती सुरेख आहेत, पण मला परकी वाटतात. सुलतान मुहम्मदच्या चित्रात कुणाचीच सावली पडत नाही. खडक, झाड, घोडा, सगळ्यांवर सारखाच उजेड.

दिवाळीत येशील तेव्हा हा ग्रंथ परत करायची मुदत संपलेली असेल, म्हणून त्या पानाचा फोटो काढून सोबत पाठवतेय. भिंग घे आणि आधी घोडा बघ. शीरीनचं लक्ष नाही, पण शबदीजने मान वळवली आहे. कुणीतरी आलंय, हे त्याला तिच्याआधी कळलंय.

तुझी,
विजू