तिसऱ्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, "यंदा भारीतला सिरॅमिकचा बॉल टाकून घेऊ, पैशाकडे पाहायचं नाही." मी गप्प राहिले, कारण मागून आई वेगळंच सांगत होती आणि दोघांशी एकदम बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या ऑपरेशनात बसवलेला कृत्रिम खुबा का सैल झाला हे डॉक्टर नेमकं सांगेपर्यंत तिसऱ्या ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही. बॉल कशाचा, हे नंतर पाहू.

बाबा, तुमचा पहिला खुबा झिजून गेला, त्यात नवल काही नव्हतं. कृत्रिम खुब्यात बॉल ज्या वाटीत फिरतो, ती जॉन चार्न्ली या इंग्रज सर्जनने आधी टेफ्लॉनची वापरली, ती थोड्याच वर्षांत झिजली. मग 1962 पासून पॉलिथिलीन हे प्लास्टिक आलं. तेही झिजतं, फक्त सावकाश. त्याचे बारीक कण शरीरातल्या पेशी गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत, आणि त्या भानगडीत आजूबाजूचं हाड विरघळत जातं. तुमच्या जुन्या एक्स-रेत वाटीमागे काळे डाग दाखवले होते ना, ते हेच. आताचं प्लास्टिक बरंच टिकाऊ आहे.

दुसऱ्या वेळचं दुखणं मात्र निराळं असतं. बॉलखालचा दांडा मांडीच्या हाडात बसवतात. त्या हाडात आतून स्पंजासारखी जाळी असते आणि दांड्याभोवतीचं सिमेंट त्या जाळीत शिरून पकड घेतं. जुना दांडा उपटताना, छिन्नीने सिमेंट खरवडताना ती जाळी निघून जाते. उरते गुळगुळीत, पातळ नळी. महाल भागातल्या आपल्या जुन्या घरी मातीच्या भिंतीतली खुंटी निघाली की त्याच भोकात दुसरी कधी घट्ट बसली का? म्हणून दुसऱ्या वेळी लांब दांडा घालून खालच्या चांगल्या हाडात पकड घेतात. वर आधार नसला की तोही कधीकधी खाली सरकतो. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं मांडीत कळ येते आणि मग जरा बरं वाटतं, असं तुम्ही म्हणता. दांडा सैल झाला की असंच दुखतं. वाटी सैल असली तर बहुधा जांघेत दुखतं. डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा, नुसतं "पाय दुखतो" म्हणू नका.

पण मला खरी धास्ती इन्फेक्शनची आहे. दुसऱ्या ऑपरेशननंतर ते पहिल्यापेक्षा जास्त होतं. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, तिथे अँटिबायोटिक धड पोचत नाही. ताप येईलच असं नाही, आणि एक्स-रेत नुसता सैल झालेला खुबा दिसतो. अशा वेळी तसाच नवा सांधा बसवला तर तोही जाणार. म्हणून ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, गरज पडली तर सुईने सांध्यातलं पाणी काढून कल्चर, म्हणजे त्यात जंतू उगवतात का ते पाहणं. आई, गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पुन्हा सुरू करू नकोस; पाणी काढण्याआधीचे किमान दोन आठवडे त्या पोटात नसलेल्या बऱ्या, नाहीतर जंतू असूनही कल्चरमध्ये उगवत नाहीत. इन्फेक्शन निघालंच तर बहुतेक वेळा सगळं काढून औषध मिसळलेला सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता ठोकळा, ठेवतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नवा सांधा बसवतात. म्हणजे दोन ऑपरेशनं. ऐकून घाबरू नका, पण आधी कळलेलं बरं.

बाबा, तुमची ती किडकी दाढ. तोंडातले जंतू रक्तावाटे सांध्यात पोचू शकतात. शुगरचंही तेच, वाढलेली असली तर जखम लवकर भरत नाही. ऑपरेशनआधी ही दोन्ही कामं उरका.

स्नायूंचंही सांगते. कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू दरवेळी दुखावले जातात, तिथे व्रण होतो, ते ढिले पडतात आणि बॉल वाटीतून निसटतो. अशा रुग्णांसाठी ड्युअल मोबिलिटीची, म्हणजे दोन ठिकाणी फिरणारी आणि बॉल सहसा निसटू न देणारी वाटी असते, ती तुम्हाला चालेल का, हे विचारा.

आकडे सांगू की नको, या विचारात होते. पहिल्या सांध्यांपैकी निम्म्याहून जास्त 25 वर्षं टिकतात. ब्रिटनमधल्या नोंदींवरून 2022 साली निघालेला हिशेब असा: पहिल्या रिव्हिजननंतर, म्हणजे जुना सांधा बदलण्याच्या ऑपरेशननंतर, साधारण पाचातल्या एकाला 15 वर्षांत परत टेबलावर जावं लागतं, दुसऱ्यानंतर तेच 7 वर्षांत, तिसऱ्यानंतर 3 वर्षांत. म्हणून मी घाई नको म्हणते. अर्थात दांडा खाली सरकत असेल तर चालढकलही परवडायची नाही. हाड जितकं विरघळेल तितकं पुढचं काम अवघड.

आणि कूलर. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय निभत नाही, कबूल. पण स्टुलावर चढून बादलीने टाकी तुम्ही भरायची नाही. पातळ झालेलं हाड एका पडण्याने दांड्याभोवती मोडतं, आणि ते बसवणं याहून किचकट. वरच्या मजल्यावरचा मुलगा भरून देईल, मी त्याच्याशी बोलले आहे.

आई, कपाटातली दोन्ही ऑपरेशनांची फाइल काढ. आत सांध्याचे छोटे स्टिकर चिकटवलेले असतील, कंपनी, साइज, नंबर असे. त्यांचे फोटो पाठव. दुसऱ्या सर्जनला दाखवायचं तर त्याला आधी तेच लागतील. जुने एक्स-रे रद्दीत देऊ नकोस, दांडा किती सरकला ते जुन्या-नव्याची तुलना करूनच कळतं. तारीख घ्यायच्या आधी मला फोन करा, मी सुट्टी टाकून येते.

तुमची,
मनू