तक्रार पत्र: घरी बसवायचं किट, पण घरी बसवलं म्हणून वॉरंटी नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: सायकलच्या 36 व्होल्ट, 250 वॉट हब मोटर किटमधली कमी क्षमतेची बॅटरी, न आलेले भाग आणि नाकारलेली वॉरंटी.

महोदय / महोदया,

साधी सायकल इलेक्ट्रिक करायचं तुमचं किट मी तुमच्याच संकेतस्थळावरून, साडेएकोणीस हजार रुपये आगाऊ भरून घेतलं. बिल, ऑर्डर क्रमांक आणि माझा पत्ता सोबतच्या कागदांत आहे. फोन झाले, ईमेल झाले. दर वेळी नवा माणूस, नवा तिकीट नंबर आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. म्हणून आता स्पीड पोस्टानं कागदावर देतोय, म्हणजे पुढचं एकाच जागी राहील.

तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय: "घरच्या घरी तीन तासांत बसवा, मेकॅनिकची गरज नाही." आणि वॉरंटी नाकारणाऱ्या तुमच्या ईमेलात कारण दिलंय: "उत्पादन अधिकृत तंत्रज्ञाकडून बसवून घेतलेले नाही." साताऱ्यात तुमचा अधिकृत तंत्रज्ञ कोण, असं मी लगेच विचारलं. "सर, तुमच्या भागात सध्या कोणी नाही," असं उत्तर आलं. मग हे किट साताऱ्याच्या पिनकोडवर विकलंत कसं? पैसे घेताना मेकॅनिकची गरज नव्हती, बॅटरी बदलून द्यायची वेळ आल्यावर ती लागली.

आता जोडणीबद्दल, कारण "चुकीची जोडणी" हा शब्दही तुम्ही वापरलाय. मी आयटीआय फिटर आहे, इथल्याच एमआयडीसीत नोकरी करतो. मंगळवार पेठेतून कारखान्यात जाताना उतार, येताना चढ. जाताना पायडल मारायला काही वाटत नाही. पाळी सुटल्यावर घरी येताना मात्र मोटर हवी, एवढाच हेतू. त्यासाठी 26 इंची चाकांची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेतली आणि ती मुद्दाम लोखंडी फ्रेमची पाहिली. हब मोटर चाकाच्या मधोमध असते. तिचा आस चाकाबरोबर फिरत नाही, तो फ्रेमच्या खाचेला उलटा पीळ देतो. ॲल्युमिनियमच्या खाचा अशा पिळानं फाटतात, लोखंड तग धरतं. ऑर्डर देण्याआधी मागच्या दोन खाचांमधलं अंतर मोजलं, ते बरोबर 135 मिलिमीटर भरलं. तुमच्या मागच्या चाकाच्या किटला तेवढंच लागतं. पुढच्या चिमट्यात मोटर बसवणं सोपं होतं, पण चढावर भार मागच्या चाकावर येतो आणि पुढचं चाक घसरतं, म्हणून मागचं चाक निवडलं.

चाक आलं तेव्हा थोडं आऊट होतं, ते स्पोकपान्यानं काढलं. त्याबद्दल तक्रार नाही. प्रवासात होतं असं. मोटरबद्दलही तक्रार नाही. आतल्या गिअरची आहे, आवाज कमी, चढावर जोर चांगला. हे मुद्दाम लिहितोय, कारण मला संपूर्ण किट परत करून पैसे मागायचे नाहीत, जे कमी दिलंय ते मागायचंय.

पिळाविरुद्ध आस फ्रेमला धरून ठेवणारा टॉर्क आर्म तुमच्या यादीत आहे, खोक्यात नव्हता. कळवलं तर "तो पर्यायी आहे" असं उत्तर आलं. पर्यायी कसा? आस खाचेत फिरला तर मोटरच्या जाड तारा तिथेच पिळवटून तुटतात आणि चाक निसटायची भीती वेगळी. शेवटी एमआयडीसीतल्या लेथवाल्या मित्राकडून सहा मिलिमीटरच्या पट्टीचा कापून घेतला आणि आसाच्या दहा मिलिमीटर रुंदीच्या चपट्या भागाला नीट बसेपर्यंत खाच कानशीनं घासली. फोटो जोडलाय. चुकीची जोडणी म्हणणाऱ्यांनी तो मोठा करून पाहावा.

डाव्या ब्रेकच्या लिव्हरमधला स्विचही मेलेला आला. लिव्हर दाबली की मोटरचा पुरवठा बंद व्हायला हवा. उजव्या लिव्हरला मल्टिमीटर लावून ती दाबली की बीप वाजतो, डावीला काहीच नाही. मागचा ब्रेक डाव्या हातात आहे, म्हणजे नेमका जो जास्त दाबला जातो तोच. थ्रॉटल (एक्सलरेटर) चुकून अडकला तर ब्रेक आणि मोटर एकमेकांशी झगडत राहणार. हा भाग दोनशे-तीनशे रुपयांचा असेल, पण त्याशिवाय मी ही सायकल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

आता बॅटरी. जाहिरातीत, लेबलवर आणि बिलावर तीच नोंद आहे: 36 व्होल्ट, 10 एएच (अँपिअर-अवर, साठणाऱ्या विजेचं माप), 10एस4पी, सेल 2600 एमएएच (2.6 एएच). म्हणजे दहा सेल एकापुढे एक आणि अशा चार ओळी समांतर, एकूण 40 सेल. ऊर्जा 360 वॉट-अवर.

पहिल्याच आठवड्यात पोवई नाक्यापासून वर राजवाड्याकडे येताना सायकल बंद पडायला लागली. पूर्ण चार्ज करून निघालो होतो. चढाच्या मधोमध डिस्प्लेवरचे व्होल्ट भराभर खाली आले, कंट्रोलरनं (मोटरला वीज देणाऱ्या डब्यानं) पुरवठा तोडला. बाजूला थांबलो, दोन-तीन मिनिटांत व्होल्ट पुन्हा वर, गाडी चालू, थोडं पुढे गेलो की पुन्हा तेच. घरी येऊन हात लावला तर बॅटरीचं खोकं चांगलंच गरम.

तुमच्या मदत केंद्रातल्या साहेबांनी सांगितलं, "सर, तुमच्याकडे चढ जास्त आहे." अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वसलेलं गाव आहे, चढ असणारच. पण तुमच्या जाहिरातीतली सायकल स्वतःच घाटात दाखवली आहे आणि खाली लिहिलंय "चढावरही दमदार". तरी हिशोब करून पाहू. मी आणि सायकल मिळून शंभर किलो धरा. दर शंभर मीटरला पाच मीटर चढ आणि वेग ताशी 15 किलोमीटर. एवढं वजन वर चढवायला साधारण दोनशे वॉट लागतात, टायरचं घर्षण आणि हवा मिळून आणखी पन्नासेक. मोटरमधली गळती धरली तर बॅटरीकडून तीनशेच्या थोडं वर, म्हणजे साडेआठ-नऊ अँपिअर. तुमच्या कंट्रोलरची मर्यादा 15 अँपिअर आहे. खऱ्या 10 एएचच्या बॅटरीला हे जड जायला नको.

म्हणून बॅटरी तपासली. न उघडता तपासली, सील जसंच्या तसं आहे, फोटो आहे.

एका फळीवर गाडीच्या हेडलाइटचे 12 व्होल्ट, 55 वॉटचे तीन बल्ब एकापुढे एक जोडले आणि बॅटरी व बल्ब यांच्यामध्ये एएच मोजणारा मीटर घातला. बॅटरी तुमच्याच चार्जरनं 42 व्होल्टपर्यंत भरलेली. साडेचार-पाच अँपिअर जात होते, चढापेक्षा बराच कमी भार. पडवीत संध्याकाळी फळी मांडली, शेजारच्या पोरांना वाटलं मंडपाचं लायटिंग चाललंय. 10 एएचच्या बॅटरीनं हे बल्ब दोन तासांहून जास्त जळायला हवेत. दीड तासाच्या आसपास बॅटरीतल्या बीएमएसनं (सेलचं रक्षण करणाऱ्या सर्किटनं) पुरवठा तोडला. मीटरवर 7.3 एएच, 264 वॉट-अवर. चार्ज करून पुन्हा तेच केलं, आकडा जवळपास तोच. दोन्ही वेळचे मीटरचे फोटो जोडलेत.

लिटरचे पैसे घेऊन पाऊण लिटर दूध घालण्यासारखा हा प्रकार आहे.

तरी मनात शंका राहायला नको म्हणून बॅटरी आमच्या वाण्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवली. (ते म्हणाले, "एवढं जपून ठेवताय, सोनं आहे का आत?") खोक्यासकट वजन 1 किलो 640 ग्रॅम. 18650 मापाचा एक सेल साधारण 45 ग्रॅमचा असतो. चाळीस सेल म्हणजे नुसते सेलच 1 किलो 800 ग्रॅम. त्यावर बीएमएस, निकेलच्या पट्ट्या, तारा, प्लास्टिकचं खोकं वेगळंच. चाळीस सेलची बॅटरी 1640 ग्रॅममध्ये बसूच शकत नाही. तीस सेल धरले तर 1350 ग्रॅम आणि बाकीचं सामान, हिशोब चोख जुळतो. तीन ओळी गुणिले 2600 म्हणजे 7.8 एएच, आणि मीटरवरचे 7.3 त्याच्याशी जुळतात. लेबल चार ओळींचं, आत तीन ओळी.

चढावर बंद पडण्याचं कारणही त्यातच आहे. कंट्रोलरनं 15 अँपिअर ओढले की चार ओळींत प्रत्येक सेलवर पावणेचार अँपिअर येतात, तीन ओळींत पाच. सेल तापतात, आतल्या रोधातच जास्त व्होल्ट खर्ची पडतात, बाहेर मिळणारे व्होल्ट कोसळतात आणि कंट्रोलर बंद होतो. भार सुटला की व्होल्ट परत वर येतात. यात माझ्या जोडणीचा काय संबंध, हे तुमच्या एखाद्या इंजिनिअरनं मला लेखी समजावून सांगावं. पुण्या-मुंबईच्या सपाट रस्त्यावर बहुतेक ग्राहकांच्या हे लक्षातही येत नसेल. बॅटरी लवकर संपते, एवढंच ते म्हणत असतील. आमच्या चढानं ते उघडं पाडलं.

एका चार्जमध्ये चाळीस किलोमीटर जातं या तुमच्या दाव्यावर मी बोलत नाही. 360 वॉट-अवरमध्ये 40 किलोमीटर म्हणजे किलोमीटरला 9 वॉट-अवर. सोबत पायडल मारलं तर जमेल, हे मी घेतानाच धरून चाललो होतो. पण क्षमता ही जाहिरातीची भाषा नाही, बिलावर लिहिलेलं माप आहे.

आणखी एक गोष्ट, तक्रारीपेक्षा इशारा म्हणून. कंट्रोलरला एक पांढरी तार आहे. ती काढली की वेगमर्यादा उठते आणि "ताशी 35 मिळवा" असं तुमचा व्हिडिओ सांगतो. त्याच व्हिडिओत पुढे "लायसन्स नको, रजिस्ट्रेशन नको" असंही येतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे अशी सूट 0.25 किलोवॉटहून कमी ताकद आणि ताशी 25 किलोमीटरहून कमी वेग, या मर्यादेतल्या मान्यताप्राप्त वाहनालाच आहे. तार काढली की ते मोटार वाहन झालं. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. मी तार काढलेली नाही. पण कॉलेजची पोरं काढणार, आणि अपघात झाला तर विम्याशिवाय भरपाई त्यांच्या आईबापांच्या गळ्यात पडणार. किटच्या मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत मी ईमेलनं मागितली होती, ती अजून मिळालेली नाही. तीही पाठवावी.

बॅटरी परत पाठवण्याचं तुमचं म्हणणंही पाहा. "स्वखर्चाने कुरिअर करा, तपासून कळवू." पोवई नाक्याजवळच्या कुरिअरवाल्यांनी लिथियम बॅटरी म्हटल्यावर पार्सल हातात घेतलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येते. तिचं पॅकिंग आणि लेबल वेगळं असतं. "इलेक्ट्रॉनिक सामान" असं खोटं लिहून पाठवा, असा सल्ला तुमच्याच प्रतिनिधीनं फोनवर दिला. ते मी करणार नाही.

माझ्या मागण्या अशा. लेबलप्रमाणे खरी 10 एएचची, चाळीस सेलची बॅटरी द्यावी, आणि ती पाठवण्याआधी तुमच्याकडच्या क्षमता चाचणीचा आकडा लेखी द्यावा. तशी बॅटरी नसेल तर तुमच्या संकेतस्थळावर तिची जी स्वतंत्र किंमत आहे, ती परत करावी. टॉर्क आर्म आणि डावी ब्रेक लिव्हर पाठवावी. टॉर्क आर्मसाठी लेथचा जो खर्च झाला तो मी सोडतो. "घरी बसवल्यामुळे वॉरंटी रद्द" हा ईमेल लेखी मागे घ्यावा. जुनी बॅटरी नेण्याची व्यवस्था योग्य पॅकिंगसह तुम्ही तुमच्या खर्चानं करावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती सोडवायची असते. हे पत्र पोहोचल्यापासून मी तो महिना मोजतोय. त्यात काही झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सातारा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. त्या कायद्यानं ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, त्यामुळे मला तुमच्या गावी यायची गरज नाही. तुम्हाला साताऱ्याला यावं लागेल. तिथे फळी, बल्ब आणि मीटर घेऊन हजर राहायची माझी तयारी आहे.

सोबत बिल, लेबलचा फोटो, काट्यावरच्या वजनाचा आणि मीटरच्या आकड्यांचा फोटो, टॉर्क आर्मचा फोटो आणि तुमच्या ईमेलांच्या प्रती जोडल्या आहेत. उत्तर कागदावर किंवा ईमेलवर द्यावं, फोन करू नये. पाळीत असताना मला फोन घेता येत नाही, आणि फोनवर दिलेला शब्द नंतर कुणाला आठवत नाही.

आपला,
(सही)
मंगळवार पेठ, सातारा