तेजीच्या वर्षातच कर्जाचे आकडे पाहावेत

संपादक महोदय,

हापूसचा मोसम हुकला किंवा मासळीचा दुष्काळ पडला, की कोकणातील कर्जबाजारीपणाचे सारे खापर हवामानावर फोडले जाते. फयान (२००९), निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) या वादळांनी केलेली हानी कोणीही नाकारणार नाही. परंतु एकाच वादळानंतर एक बागायतदार सावरतो आणि त्याचा शेजारी उठू शकत नाही, यामागे पुष्कळदा आधीच्या चांगल्या वर्षांत काढलेले कर्ज असते.

पेशाने डॉक्टर असलेल्या क्लेमां झ्युग्लार (१८१९–१९०५) या फ्रेंच अभ्यासकाने १८६२ साली नेमके हेच मांडले. फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिकेतील व्यापारी अरिष्टांचा शोध घेताना त्याने थेट बँकांचे ताळेबंद तपासले. वटवलेल्या हुंड्यांची रक्कम, म्हणजे बँकांनी व्यापाऱ्यांना दिलेली उधारी, वर्षानुवर्षे चढत जाते, तिजोरीतील सोन्याचांदीचा साठा उतरत जातो, आणि ही तफावत टोकाला पोहोचली की अरिष्ट कोसळते. मग जुने व्यवहार निकालात निघून साठा पुन्हा भरू लागतो. बँकव्यवस्था निरनिराळ्या असूनही हा क्रम त्याला तिन्ही देशांत जवळपास एकाच सुमारास आढळला. युद्ध किंवा नापिकी ही त्याच्या मते केवळ निमित्ते होती. अरिष्टाचे मूळ आधीच्या भरभराटीत आणि त्या काळात सढळपणे मिळालेल्या उधारीत होते. सुमारे सात ते अकरा वर्षांच्या या चक्राला पुढे अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपेटर यांनी त्याचेच नाव दिले.

आपल्या बंदरांवर वेगळे काय घडते? बांगडा चांगला लागला, की पुढच्या मोसमाला नव्या नौका उतरतात. इंजिन आणि जाळी कर्जावर येतात, भाऊ भावाला जामीन राहतो, आणि एकाचा हप्ता थकला की दोन्ही घरे अडकतात. आंब्याला भाव मिळालेल्या वर्षी दलालाकडून घेतलेली उचलही अशीच वाढते, आणि ती तर कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, ही मला अधिक चिंतेची बाब वाटते.

पतसंस्थांचा वार्षिक अहवाल सभासदांच्या हाती बहुधा सप्टेंबरच्या सुमारास, सर्वसाधारण सभेत पडतो. तोवर कर्जे उचलून नौका समुद्रात गेलेल्या असतात. म्हणून ठेवी, कर्जवाटप, रोख शिल्लक आणि थकबाकी हे चार आकडे प्रत्येक संस्थेने दर तिमाहीस फलकावर लावावेत, आणि आपल्या दैनिकाने ते तालुकावार मिळवून नारळी पौर्णिमेपूर्वी छापावेत, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मालवण