दर दहा मिनिटांची गाडी अठ्ठावीस मिनिटांनी, तीही तिनाच्या जथ्याने

प्रति,
व्यवस्थापक, वाहतूक विभाग

विषय : माझ्या तक्रारीला आलेलं ‘सर्व फेऱ्या पूर्ण’ हे उत्तर

महोदय,

सकाळच्या बसबद्दल मागच्या महिन्यात केलेल्या माझ्या तक्रारीला आपल्या कार्यालयाकडून दोन ओळींचं उत्तर आलं. सदर मार्गावरील सर्व नियोजित फेऱ्या पूर्ण झाल्या असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे. फेऱ्या झाल्या असतील, मी नाही म्हणत नाही. माझं दुखणं निराळं आहे.

वेळापत्रकात दर दहा मिनिटांनी गाडी आहे. मंगळवारी मी ८.१० ला थांब्यावर होतो. ८.३८ पर्यंत रस्ता मोकळा, आणि मग तीन गाड्या एकामागोमाग एक. पहिलीच्या दारात माणसं लोंबकळत होती. वाहकाने आतूनच अंगठा मागे दाखवला, “मागची रिकामी आहे.” होती खरी रिकामी. पण ती थांबलीच नाही, पहिलीला वळसा घालून पुढे गेली. तिसरीत मी चढलो. शेजारच्या आजी पिशवी सावरत येईपर्यंत दार लागायला लागलं, म्हणून मी पाय मध्ये घातला. त्याबद्दल चालकाचं बोलणं खाल्लं ते वेगळंच.

तासाला सहा गाड्या सारख्या अंतराने आल्या, तर कुणी कधीही आलं तरी सरासरी पाचच मिनिटं थांबावं लागतं. त्याच सहा तीन-तीनच्या जथ्याने आल्या की पंधरा. तुमच्या वहीत मात्र दोन्ही दिवशी सहापैकी सहा!

हे कसं होतं ते वाहतूक विभागाला मी सांगावं, म्हणजे कमालच. एक गाडी सिग्नलला चार मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यांवर गर्दी साठते, चढउताराला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागचीला माणसंच उरत नाहीत, ती भरभर येऊन तिला गाठते. मधल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर मागची गाडी दोन-तीन मिनिटं रोखून धरली तर हे बरंचसं आटोक्यात येतं. गाड्यांवर जीपीएस आहे. मग नियंत्रण कक्षातून तेवढा एक निरोप का जात नाही? चालक-वाहकांवर माझा राग नाही, उशीर झाला की त्यांच्याच विश्रांतीची मिनिटं जातात.

थांब्यावरच्या बोर्डाचंही बघा. ‘३ मिनिटे’, ‘२’, ‘१’, ‘येत आहे’, आणि ओळच गायब. गाडी नाहीच. एका सकाळी हे दोनदा पाहिलंय. ज्या गाडीचा ठावठिकाणा लागत नाही, तिची बहुधा वेळापत्रकातली वेळच तिथे झळकत असावी. तसं असेल तर ती वेगळ्या रंगात दाखवा. गाडीचा पत्ता नाही हे कळलं तर मी निदान चालायला तरी लागेन.

त्या दिवशी माझी अर्धी रजा गेली. ती भरून मागत नाही. या वेळी फेऱ्यांचा आकडा तेवढा पाठवू नका. मंगळवारी ८ ते ९ या वेळेत आमच्या थांब्यावर दोन गाड्यांमध्ये किती मिनिटांचं अंतर होतं, ते कळवा. मासिक पासची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक पासधारक