दहावीचा निरोप समारंभ परीक्षेनंतर ठेवा

मा. संपादक,
स. न.

दहावीचा निकाल लागला, तुमच्या पेपरात टॉपर्सचे फोटो आले, शाळांचे टक्के आले, आणि ते यायलाच हवेत कारण त्या मुलांनी खरंच मेहनत घेतलीय. मला लिहायचंय ते आख्ख्या वर्गाबद्दल, आणि शाळांकडे एकच मागणी आहे. दहावीचा निरोप समारंभ जानेवारी-फेब्रुवारीत उरकून टाकू नका, बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की दोन-तीन दिवसात ठेवा.

मी ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतून यंदा दहावी झाले. नववीपर्यंत आमच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या होत्या, पण पट कमी होत गेला आणि दहावीला दोन्हीची मिळून एक केली. पाचवीपासून एकाच मजल्यावर होतो तरी अर्ध्या मुलांची नावं एकमेकांना माहीत नव्हती, अ वाले अभ्यासू आणि ब वाले मस्तीखोर एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. जूनमधे खिडकीकडच्या रांगा अ च्या, दाराकडच्या ब च्या, डबे पण वेगळे. बाईंनी बेंच बदलून पाहिले तरी मधल्या सुट्टीत सगळे परत आपापल्या जागी.

हे बदललं ते हळूहळू. भूमितीचा पहिलाच धडा समरूपता, तो कितीतरी जणांना कळेना, तर अ मधली एक मुलगी सुट्टीत फळ्यावर त्रिकोण काढून समजवायला लागली, आधी मैत्रिणींनाच, मग मागून ब मधली दोघं येऊन उभी राहिली, मग पायथागोरस आणि वर्तुळापर्यंत तिचा क्लासच सुरू झाला. त्या दोघांपैकी एकाला नववीत गणितात जेमतेम ग्रेस देऊन वर चढवलं होतं, तो यंदा गणितात नीट पास झालाय आणि निकाल बघितल्यावर त्याने पहिला फोन तिला केला. जुलैत एकदा रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद, दिवा-मुंब्रा आणि दिघ्याची मुलं अडकली, तेव्हा ठाण्यात राहणाऱ्यांनी कोण कुठल्या तुकडीचा हे न बघता त्यांना घरी नेलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती क्षेत्रभेट. भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, बऱ्याच शाळा तो नुसता वाचून सोडतात, आमच्या बाईंनी आम्हाला डिसेंबरमधे खरंच नेलं, ठाणे स्टेशनवरून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीला, तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रात. ठाणे खाडीला २०२२ मधे रामसर दर्जा, म्हणजे जगात महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, ही माहिती आम्ही प्रश्नावलीत आधीच लिहून नेली होती. पण तिथे गेल्यावर बोलायला लागला तो आमच्या वर्गातला एक कोळी मुलगा, जो वर्षभर शेवटच्या बेंचवर गप्प बसायचा. त्याचे आजोबा याच खाडीत मासेमारी करायचे. तिवरांची मुळं चिखलातून अशी वर का येतात, ओहोटीला निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, कशा टुणटुण उड्या मारतात, खेकड्याचं बीळ कसं ओळखायचं, पूर्वी जाळ्यात काय काय मिळायचं आणि आता केमिकलच्या पाण्याने आणि प्लास्टिकने काय झालंय, हे सगळं तो सांगत होता आणि बाई स्वतः वहीत लिहून घेत होत्या. आमच्या अहवालातला निम्मा भाग त्याच्या बोलण्यातून आलाय. त्यानंतर तो शेवटच्या बेंचवर बसला नाही, त्याला कुणी बसूच दिलं नाही.

सगळे सगळ्यांचे मित्र झाले असं मी म्हणणार नाही, दोघी तर अजून एकमेकींशी बोलत नाहीत. तरी जानेवारीपर्यंत तो एक वर्ग झाला होता, आणि नेमका तेव्हाच निरोप समारंभ. आदल्या दिवशी प्रिलिमचे पेपर हातात मिळालेले, निम्म्या वर्गाचे चेहरे उतरलेले, काही जण क्लासची टेस्ट सिरीज आहे म्हणून आलेच नाहीत. नववीच्या मुलांनी इतकी छान सजावट केली होती, पण सगळी भाषणं परीक्षेवर, वेळेचं नियोजन करा, झोप पुरेशी घ्या, हॉल तिकीट विसरू नका. आम्हाला बाईंना, एकमेकांना काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

त्यानंतर आमचा वर्ग परत एकत्र बसलाच नाही. बोर्डाच्या परीक्षेला बैठक क्रमांकाप्रमाणे वेगवेगळ्या शाळांत नंबर लागले. भूगोलाचा शेवटचा पेपर सुटला तर गेटबाहेर आईबाबा गाडी घेऊन उभे, कोणी त्याच रात्री कोकणात गावाला गेलं. आम्ही ग्रुपवर ठरवलं की ठाण्यातल्या तलावपाळीला, तळ्याकाठी भेटू, पण निम्मे पण आले नाहीत, खास करून मुली, कारण नुसतं भेटायला जायचंय म्हटलं की घरून पाठवत नाहीत, तेच शाळेत बोलावलंय म्हटलं की कोणी अडवत नाही. मार्कशीट आणि दाखला न्यायला पण जो तो आपल्या वेळेला येतो. आता अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, कोणी मुलुंडला, कोणी वाशीला, कोणी आयटीआयला, कोणी डिप्लोमाला.

बाई-सरांना मार्चमधे बोर्डाचे पेपर तपासायचे असतात, त्यांच्यावर खूप लोड असतो हे मला माहितीये. पण दोन तासांचंच काम आहे. बाकीच्या वर्गांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमधे असतात म्हणजे शाळा चालूच असते, दहावीचा वर्ग मात्र रिकामा. समारंभ करणारी नववीची मुलं पण असतातच. परीक्षेच्या शुभेच्छा द्यायच्या तर आधी एक दिवस प्रार्थनेनंतर देता येतात. खर्च तेवढाच, फक्त तारीख बदलायची.

जूनमधे शाळांचं वर्षाचं नियोजन ठरतं, तेव्हाच ही तारीख धरली तर पुढे अडचण येणार नाही. ठाणे, कळवा, नवी मुंबईतल्या मुख्याध्यापकांनी यावर विचार करावा म्हणून तुमच्या पेपरातून लिहितेय. ज्या मुलांनी आमच्यासाठी सजावट केली ती आता दहावीत गेलीत, त्यांच्यापासूनच हे सुरू व्हावं.

दहावी उत्तीर्ण झालेली एक विद्यार्थिनी,
कळवा, ठाणे